सुरातला फरक कान किती बारीक ओळखतो: मोजायचे कसे आणि आकडा वाचायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूर भागात गायनाचा वर्ग चालवणाऱ्या एका ताईंकडे यंदा आठ ते चौदा वयाची नवी मुले आली. त्यांनी मोबाइलवरच्या एका ॲपने मुलांचे कान तपासले. एका मुलाला ४ सेंटचा फरक (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) कळतो असे ॲप सांगते, पण गाताना तो सूर सोडतो. एका मुलीला ६० सेंटच्या खालचे काही कळत नाही असे तेच ॲप सांगते, आणि ती पेटीबरोबर बऱ्यापैकी सुरात गाते. ॲप चुकते आहे का, चाचणी नीट कशी घ्यायची, आणि या आकड्यावरून कुणाला शिकवायचे ते ठरवावे का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: ठरवू नका. हा आकडा एकट्या कानाचा नसतो. त्यात इअरफोन असतो, खोली असते, तुम्ही प्रश्न कसा विचारला ते असते आणि त्या दहा मिनिटांत मुलाचे लक्ष कुठे होते तेही असते. शिवाय तो काही तासांच्या सरावाने इतका बदलतो की पहिल्या दिवशीच्या आकड्यावरून मुलाला परत पाठवणे सरळ अन्यायाचे होईल. मोजायचे मात्र जरूर मोजा. नीट मोजलेला आकडा फार उपयोगाचा असतो, कारण अडचण ऐकण्यात आहे की गळ्यात, हे त्यावरून कळते.

आधी एककाचे बघू. सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. वरच्या वारंवारतेला (सेकंदाला किती कंपने ते, एकक हर्ट्झ) खालच्या वारंवारतेने भागायचे, भागाकाराचा २ या पायावर लॉग काढायचा आणि १२०० ने गुणायचे. कित्येक ॲप हर्ट्झमध्ये उत्तर देतात आणि घोटाळा तिथे सुरू होतो. ३ हर्ट्झचा फरक २२० हर्ट्झवर सुमारे २३ सेंटचा, ४४० वर सुमारे १२ चा आणि ८८० वर जेमतेम ६ चा होतो. दोन मुलांची तुलना करायची तर हर्ट्झचे सेंट करून घ्या आणि कोणत्या स्वरावर चाचणी घेतली तेही शेजारी लिहा.

मोजायचा असतो तो उंबरठा, म्हणजे ठरावीक प्रमाणात बरोबर उत्तरे येण्यासाठी लागणारा लहानात लहान फरक. त्याच्या वर सगळे कळते आणि खाली काहीच कळत नाही, असे कधी होत नाही. फरक बारीक होत जातो तशी बरोबर उत्तरे हळूहळू कमी होत अंदाजपंचेवर येतात. प्रयोगशाळेत चांगला सराव झालेल्या श्रोत्यांचा शुद्ध टोनवरचा (एकाच वारंवारतेच्या साध्या आवाजावरचा) उंबरठा ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात ०.२ टक्क्यांच्या आसपास भरतो, म्हणजे ३–४ सेंट. त्याखाली, २०० हर्ट्झच्या सुमारास, तो टक्केवारीत वाढतो. ४–५ हजार हर्ट्झच्या वर तर फारच बिघडतो, पण गाण्याच्या वर्गात तिथे जायची गरज नाही. ज्याने अशी चाचणी कधी दिलेली नाही त्याच्याकडून पहिल्या बैठकीत २० ते ५० सेंट येणे नेहमीचे आहे. २००६ साली मिशेल, ऑक्सनहॅम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग इथे लक्षात ठेवावा. संगीतकारांचा उंबरठा इतरांच्या सुमारे एक षष्ठांश निघाला, पण संगीत न शिकलेल्यांना ४ ते ८ तास निव्वळ या चाचणीचा सराव दिल्यावर तेही संगीतकारांच्या आकड्यापर्यंत पोचले. पहिल्या दिवशीच्या ४० सेंटवरून मुलाची कुंडली मांडू नये, ती यामुळे.

आता आवाज तयार करण्याकडे वळू. चाचणी पेटीवर घेऊ नका, हे बेळगावकडच्या लोकांना मुद्दाम सांगावे लागते. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पेटी घरोघरी आहे आणि हात साहजिकच तिच्याकडे जातो. पण भात्याचा दाब बदलला की रीडचा सूर काही सेंट हलतो, दोन पट्ट्यांचा नाद सारखा नसतो, आणि पट्टी दाबल्याचा टक् आवाज आधीच खूण देऊन जातो. शिवाय १०० सेंटपेक्षा बारीक फरक तिच्यावर काढता येत नाही. संगणकावर टोन बनवणे हाच सोपा मार्ग आहे.

प्राट हा भाषाध्वनीच्या अभ्यासासाठीचा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरतो. त्यात शुद्ध टोन बनवायची आज्ञा आहे. ती निवडली की एक चौकट उघडते: चॅनेल १, सुरुवात ०, शेवट ०.४ सेकंद, सॅम्पलिंग ४४१००, वारंवारता हवी ती, ॲम्प्लिट्यूड (आवाजाची पातळी) ०.२, सुरुवातीचा आणि शेवटचा फेड (आवाज हळूहळू चढणे-विरणे) प्रत्येकी ०.०२ सेकंद. फेडचे दोन रकाने कधीही शून्य ठेवू नका. टोन एकदम सुरू झाला किंवा एकदम तुटला की टिचकी ऐकू येते. ती टिचकी दर टोनला थोडी वेगळी असते आणि हुशार मूल सूर सोडून टिचकीच ओळखायला लागते. लांबी ३०० ते ५०० मिलिसेकंद ठेवा. १०० च्या खाली गेलात की उंबरठा आपोआप बिघडतो आणि दोष मुलाच्या माथी बसतो. दोन टोनांमध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता हवी. ॲम्प्लिट्यूड शून्य ठेवून अर्ध्या सेकंदाचा टोन बनवला की ती शांतता तयार होते. मग तिन्ही तुकडे यादीत योग्य क्रमाने ठेवून जोडायचे. प्राट ते यादीतल्या क्रमाने जोडते, निवडलेल्या क्रमाने नाही. इथे हमखास गफलत होते, म्हणून जोडलेली प्रत्येक फाइल एकदा वाजवून बघा.

पायाचा स्वर ४४० हर्ट्झ धरला तर वरचे स्वर असे येतात: १०० सेंटला ४६६.१६, ५० ला ४५२.८९, २५ ला ४४६.४०, १२ ला ४४३.०६, ६ ला ४४१.५३ आणि ३ ला ४४०.७६. दशांश गाळू नका. ४४१.५३ चे ४४१ केलेत तर ६ सेंटच्या जागी ४ सेंट होतात.

जिथे बहुतेक घरगुती चाचण्या फसतात ती जागा म्हणजे आवाजाची पातळी. साध्या इअरफोनमध्ये काही वारंवारता जास्त उठतात आणि काही दबतात, त्यामुळे सूर थोडा वर गेला की आवाजही थोडा मोठा किंवा लहान होतो. मूल मग सूर न ऐकता मोठा-लहान ऐकून बरोबर उत्तर देते. ॲपवर तुमच्या त्या मुलाचे ४ सेंट आले, त्यात याचा हात असू शकतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक टोन तीन पातळ्यांवर बनवा, ॲम्प्लिट्यूड ०.१४, ०.२ आणि ०.२८. या तिघांत ३–३ डेसिबलचे अंतर पडते. जोडीतल्या दोन्ही टोनांची पातळी चिठ्ठी टाकून ठरवा. पातळीवरून उत्तर देणारे मूल लगेच उघडे पडते, त्याची बरोबर उत्तरे निम्म्यावर येतात.

फाइल डब्ल्यूएव्ही म्हणूनच साठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून गेली तर ती दाबली (कॉम्प्रेस केली) जाण्याचा धोका असतो. फाइलला आकड्यांची नावे द्या. ‘वर_२५’ असे नाव स्क्रीनवर दिसले तर चाचणीला अर्थ राहत नाही.

इअरफोन वायरचाच घ्या, शक्यतो दोन्ही कान झाकणारा हेडफोन. ब्लूटूथचे बरेच संच शांततेत झोपी जातात आणि जागे होताना पहिल्या टोनची सुरुवात खातात. ४०० मिलिसेकंदांचा टोन २०० चा होतो आणि मूल गोंधळून बघत राहते. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर तर चाचणी घेऊच नका. खालचे सूर त्यातून क्षीण निघतात, फोन ज्या टेबलावर ठेवला ते टेबल थरथरते, आणि पंख्याच्या घरघरीत निम्मा टोन बुडतो. तुमच्या त्या मुलीला ६० सेंट आले तेव्हा फोन टेबलावर होता का, हे आधी आठवून बघा. आवाज हळू बोलण्याइतका, कानाला सुखाचा ठेवा. सगळ्या मुलांना एकाच खुणेवर ठेवा आणि फोनवरचे बास वाढवणारे किंवा इक्वलायझरचे पर्याय बंद करा.

खोलीबद्दल एवढेच की जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला कौलांवर पाऊस वाजत असताना ही चाचणी घेणे व्यर्थ आहे. पंखा बंद, खिडकी बंद, आणि फोनवरच्या ध्वनिमापकात ४० डेसिबलच्या आसपास आले की काम चालते. तो मापक अचूक नसतो, पण कालच्यापेक्षा आज खोली गोंगाटाची आहे की शांत, एवढे सांगायला पुरतो. सर्दी झालेल्या मुलाला परत कधीतरी बोलवा.

आता प्रश्न कसा विचारायचा ते, कारण निम्मी गडबड इथे होते. ‘कोणता आवाज मोठा?’ असे विचारले तर मूल मोठ्या आवाजाकडेच बोट दाखवणार. ‘कोणता वरचा, कोणता खालचा?’ असे विचारा, आणि त्याआधी सा आणि वरचा सा गाऊन दाखवा, मग सा आणि प, मग सा आणि रे. घरी कन्नड बोलणारी मुले आपल्या वर्गांत असतातच. त्यांना ‘मेले की केळगे’ असे त्यांच्या बोलीत विचारले की चेहरा लगेच मोकळा होतो. ४०० सेंटच्या दहा जोड्यांत नऊ-दहा उत्तरे बरोबर येईपर्यंत खरी चाचणी सुरू करू नका. इतका मोठा फरकही चुकत असेल तर बहुधा प्रश्नच समजलेला नसतो.

काही मुलांना, आणि मोठ्यांनाही, दोन स्वर वेगळे आहेत हे स्पष्ट कळते पण कोणता वर हे सांगता येत नाही. ऐकू येणे आणि दिशा सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संशोधनातही दिसलेले आहे. म्हणून ज्याचा आकडा वाईट येईल त्याची दुसरी चाचणी तीन टोनांची घ्या. दोन सारखे, एक वेगळा, आणि प्रश्न फक्त ‘वेगळा कितवा?’ तुमच्या मुलीच्या बाबतीत मी पहिल्यांदा हेच करायला सांगेन. दिशेच्या चाचणीत ६० आणि वेगळा ओळखण्यात १५ आले, तर तिचे कान चांगले आहेत. वर-खाली ही कल्पना तिच्या डोक्यात अजून बसायची आहे, आणि ती महिन्याभरात बसते. ‘सारखे की वेगळे?’ असा दोन टोनांचा प्रश्न मात्र विचारू नका. काही मुले शंका आली की ‘सारखे’ म्हणतात, काही ‘वेगळे’ म्हणतात, आणि मोजला जातो तो त्यांचा स्वभाव.

चाचणीच्या दोन पद्धती तुम्हाला जमण्यासारख्या आहेत.

पहिली कागदावरची. १००, ५०, २५, १२ आणि ६ सेंट असे पाच फरक, प्रत्येकाच्या २० जोड्या, निम्म्यांत वरचा स्वर आधी आणि निम्म्यांत नंतर. सगळ्या शंभर जोड्या पत्ते पिसल्यासारख्या मिसळा आणि ५०–५० च्या दोन बैठकींत घ्या. दर वेळी उत्तर दिलेच पाहिजे, ‘माहीत नाही’ चालणार नाही. अंदाजाने का होईना, सांगायला लावा. २० पैकी १५ हे मोजपट्टीवरचे चिन्ह धरा. नुसते अंदाजाने बोलणाऱ्याला १५ किंवा जास्त मिळायची शक्यता सुमारे २ टक्के असते. १० जोड्यांवर थांबलात तर १० पैकी ८ हे अंदाजानेही ५ टक्क्यांहून थोड्या जास्त वेळा साधते, आणि वीस मुलांच्या वर्गात एखादे तरी ‘तेज कानाचे’ मूल निव्वळ नशिबाने निघते. समजा २५ सेंटला १८ आणि १२ सेंटला १३ बरोबर आली. १५ हे त्या दोन्हींच्या मधे, खालून पाच भागांतले दोन भाग वर आहे. सेंटचे मापही गुणोत्तराने वाढवले तर उंबरठा सुमारे १६ सेंट येतो.

दुसरी जिना पद्धत, आणि सहाय्यक असेल तर हीच बरी. १०० सेंटपासून सुरुवात करायची. लागोपाठ दोन उत्तरे बरोबर आली की फरक कमी करायचा, एक चुकले की वाढवायचा. सुरुवातीला फरक निम्मा किंवा दुप्पट करायचा, आणि दिशा दोनदा बदलली की १.४ ने भागायचे किंवा गुणायचे. चढून उतरायला किंवा उतरून चढायला जिथे सुरुवात होते तो वळणबिंदू. सुरुवातीची वळणे सोडून शेवटच्या सहा ते आठ वळणांची सरासरी हा उंबरठा. साधारण ५०–७० जोड्यांत, पाच-सहा मिनिटांत एक फेरी होते. ही पद्धत ७०.७ टक्के बरोबर उत्तरांच्या जागी स्थिरावते, हे लेविट यांनी १९७१ च्या लेखात मांडले आणि तेव्हापासून ध्वनिश्रवणाच्या प्रयोगशाळांत ती सर्रास वापरली जाते.

एक उदाहरण करून बघू. शेवटची सहा वळणे अशी आली: ६.२५, १२.५, ६.२५, ८.८४, ४.४२, ८.८४ सेंट. पायऱ्या गुणाकाराने चढतात-उतरतात, म्हणून सरासरीही गुणाकाराची हवी. सहांचा गुणाकार करून सहावे मूळ काढले की ७.४ सेंट. साधी बेरीज-भागाकाराची सरासरी ७.८५ येते. इथे फरक किरकोळ वाटतो, पण मधेच मुलाचे लक्ष उडून एक वळण ५० वर गेले की साधी सरासरी त्या एका चुकीच्या मागे ओढली जाते.

अशा तीन फेऱ्या घ्या, पहिली सरावाची म्हणून सोडून द्या. उरलेल्या दोन फेऱ्यांत दुपटीहून जास्त फरक असेल तर आकडा लिहू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. फेरीच्या मधे कुठेकुठे २०० सेंटची सोपी जोडी पेरून ठेवा. तीही चुकू लागली तर मूल थकले आहे, कान बिघडलेला नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांचे आकडे मोठ्यांपेक्षा बरेच वाईट येतात आणि त्यात लक्ष टिकण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून आठच्या खालच्या मुलांवर ही चाचणी लादू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितले तर मुले लवकर सुधारतात. सांगा किंवा सांगू नका, पण सगळ्यांना सारखेच वागवा.

कागदी पद्धतीचा आकडा ७५ टक्क्यांवरचा, जिन्याचा ७०.७ वरचा, आणि तीन टोनांच्या चाचणीत अंदाजानेच ३३ टक्के बरोबर येतात. हे तीन आकडे एकमेकांशेजारी मांडून तुलना करता येत नाही. ॲपमध्ये यातले काय वापरले आहे ते बहुधा लिहिलेलेच नसते, आणि पंधरा-वीस जोड्यांवर ते निकाल देऊन मोकळे होते. त्या मुलाचे ४ सेंट मला म्हणूनच खरे वाटत नाहीत. खरे असतीलही, पण वरच्यासारखी पातळी बदलून घेतलेली चाचणी झाल्याशिवाय वहीत लिहू नका.

पहिल्या दिवशी पायाचा स्वर एकच ठेवा. पुढे मात्र तीन पाये घ्या, ४१५.३०, ४४० आणि ४६६.१६, म्हणजे काळी चार, पांढरी सहा आणि काळी पाच, आणि दर जोडीला ते बदला. पाया कायम ४४० असला की काही मुले तोच स्वर पाठ करतात आणि दुसरा टोन न ऐकताच सांगतात. पाया हलता ठेवला की आकडा थोडा वाढतो, पण तो तुलनेचा असतो, आणि गाण्याला तुलनाच लागते.

आता गायकांकडून नेहमी येणारी शंका: ‘आम्ही तर तानपुऱ्यावर २ सेंटचा फरकही पकडतो, मग चाचणीत १० कसे?’ दोन्ही खरे आहे, कारण ती दोन वेगळी कामे आहेत. टोन एकामागून एक वाजले की कानाला पहिला आठवून ठेवावा लागतो. दोन स्वर एकाच वेळी वाजले की डोल (आवाजाचे लाटेसारखे लहान-मोठे होणे) ऐकू येतात, आणि डोल मोजायला आठवण लागत नाही. ४४० आणि ४४१ एकत्र वाजवा, सेकंदाला एक डोल येतो. सा २२० वर लावला आणि पेटीचा समान अंतराचा शुद्ध गंधार २७७.१८ वर धरला, तर ‘सा’च्या पाचव्या स्वरांशात (मूळ वारंवारतेच्या पाचपट असलेल्या घटकात), म्हणजे ११०० हर्ट्झमध्ये, आणि गंधाराच्या चौथ्या स्वरांशात, म्हणजे ११०८.७ मध्ये, सेकंदाला जवळजवळ ९ डोल पडतात. तोच गंधार २७५ वर, सुमारे १४ सेंट खाली आणला की डोल थांबतात आणि तो तानपुऱ्यात विरघळतो. पंचमाचा फरक फक्त २ सेंटचा: ३२९.६३ आणि ३३०. तिथे डोल सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने एक येतो, आणि मिरजेच्या चांगल्या जवारीच्या (तारांच्या गुंजत्या नादाच्या) तानपुऱ्यावर सरावलेला कान तोही पकडतो. म्हणून चाचणी घेताना इलेक्ट्रॉनिक तानपुरा पूर्ण बंद ठेवा आणि दोन टोनांत कुठेही ओव्हरलॅप होऊ देऊ नका. तानपुऱ्याबरोबरचे ऐकणे मोजायचे असेल तर ती चाचणी वेगळी घ्या आणि वहीत वेगळ्या रकान्यात लिहा.

श्रुतींचा (सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांचा) विषय इथे निघतोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी दोन तारांच्या वाद्यावर तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचे माप घेण्याचा मोठा उद्योग केला, आणि त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा प्रमाण म्हणून घेतला. ते माप गाण्याचे होते, ऐकण्याच्या उंबरठ्याचे नव्हे. श्रुतींमधली सर्वांत लहान अंतरे ८१ भागिले ८० या गुणोत्तराची, म्हणजे साडेएकवीस सेंटची धरली जातात. याचा अर्थ ज्याचा उंबरठा १० सेंटच्या आसपास आहे त्याला कानाच्या बाजूने कसलीही अडचण नाही. तो ३ वर आणण्यासाठी मुलांना तासन् तास टोन ऐकवत बसणे म्हणजे रियाजाचा वेळ फुकट घालवणे आहे.

मग सुरात न गाण्याचे काय? इथे तुमचा तो मुलगा आठवावा. बेसूर गाणारे बरेच लोक ऐकण्यात कमी नसतात. ऐकलेला सूर गळ्याने नेमका उचलणे हे वेगळे काम आहे, आणि फॉर्ड्रेशर व ब्राउन यांच्या २००७ च्या अभ्यासातही हेच दिसले. ते असे तपासा: त्याला गायला न लावता टोन जनरेटरची (हवी ती वारंवारता वाजवणाऱ्या ॲपची) सरकपट्टी हाताने हलवून तुमच्या ‘सा’ला जुळवायला सांगा. हाताने १० सेंटच्या आत जुळवतो आणि गळ्याने ८० सेंट खाली लागतो, तर त्याला ऐकण्याचे धडे देऊन काही होणार नाही. त्याला त्याच्या गळ्याला झेपेल त्या पट्टीत, लांब ‘आ’कारात, एकेक स्वर धरून ठेवायला शिकवावे लागेल. कित्येकदा दोष एवढाच असतो की वर्ग काळी चारमध्ये चालतो आणि त्या पोराचा आवाज तिथे पोचत नाही. तेरा-चौदाच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर तेही कारण असते.

जन्मतः सूर न कळणारे लोक आहेत, पण थोडे. संशोधक पेरेत्झ यांच्या गटाच्या अलीकडच्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे दीड टक्का निघाले, आधी ४ टक्के सांगितले जायचे. अशा व्यक्तीला शेजारच्या दोन पट्ट्यांतला फरकही वारंवार चुकतो, ओळखीच्या अभंगाची चाल शब्दांशिवाय ओळखता येत नाही, आणि सराव देऊनही आकडा फारसा हलत नाही. एका बैठकीवरून कुणावर हा शिक्का मारू नका.

डॉक्टरांकडे कधी पाठवायचे ते मात्र स्पष्ट असू द्या. दोन्ही कान वेगवेगळे तपासा. तोच टोन एका कानाला वेगळ्या उंचीचा लागतो असे मूल सांगत असेल, एका कानाचा आकडा दुसऱ्यापेक्षा वारंवार खूप वाईट येत असेल, किंवा कान वाहणे, दडे बसणे, कानात सतत आवाज होणे अशी तक्रार असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा आणि ऑडिओग्राम करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जायला हवे, मळ असेल म्हणून आठवडा घालवू नये. मोठ्या वयाच्या शिष्यांत उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांवर वर्षे काढलेले लोक असतील, तर त्यांचे ऐकणे ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खचते. त्यांचा ४४० वरचा आकडा पुष्कळदा चांगला येतो आणि तरीही गर्दीत बोलणे कळत नाही. उलट ऑडिओग्राम अगदी नॉर्मल असलेल्या माणसाचा सुराचा उंबरठा ५० सेंट असू शकतो. ऑडिओग्राम किती हळू आवाज ऐकू येतो ते मोजतो, दोन सुरांतला फरक मोजत नाही.

तुमच्या वर्गापुरते मी असे सुचवेन. त्या दोघांना वायरच्या हेडफोनवर, पातळी बदलत्या ठेवून, जिना पद्धतीने पुन्हा तपासा. मुलीची तीन टोनांची चाचणी आधी घ्या, मुलाला सरकपट्टी जुळवायला लावा. वहीत प्रत्येकापुढे तारीख, पायाचा स्वर, पद्धत, हेडफोन, दोन फेऱ्यांचे आकडे आणि गळ्याने लागलेल्या ‘सा’चा फरक सेंटमध्ये लिहा. मग आठवड्याला तीनदा, दहा-दहा मिनिटे, बरोबर-चूक लगेच सांगत सराव द्या आणि सहा आठवड्यांनी त्याच खोलीत, त्याच हेडफोनवर पुन्हा मोजा. ज्याचा आकडा ५० वरून १५ वर आला त्याला वर-खालीचा नुसता परिचय हवा होता. सहा आठवड्यांनीही जो १०० च्या पलीकडेच राहिला, त्याच्या आईवडिलांना बोलावून आधी कान दाखवायला सांगा. तोवर तबल्याच्या वर्गात त्याला बसवायला काहीच हरकत नाही.